उजवीकडे ओवी, डावीकडे ओवी

तुम्हीच मला सांगा, एकच मुलगी जाळ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी कशी उभी राहणार?

मी निपाणीच्या वखारीतली उंच खुर्ची बोलतेय. बॅडमिंटनच्या कोर्टाशेजारी, जाळ्याच्या खांबाला लागून पंचाची लोखंडी खुर्ची असते ना, तीच मी. माझ्यावर बसलेल्या माणसाला सगळं स्पष्ट दिसतं असं लोक म्हणतात. त्याला दिसत असेल. मला मात्र जन्मल्यापासून एकही गोष्ट धड उमगलेली नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, महादेव नावाच्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये झाला. महादेवचं रोजचं काम म्हणजे फाटकं, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड. खुर्ची त्याने कधी केली नव्हती. निपाणीच्या बॅडमिंटन क्लबचा चिटणीस आण्णाप्पा, त्याचा फोन आला.

"महादेवअण्णा, एक उंच खुर्ची पायजे बघ. पंच बसनार तिच्यावर. जाळ्याच्या वर डोळं आलं पायजेत."

"करतो की. त्यात काय अवघड हाय?"

एवढंच बोलणं. कुठला खेळ ते आण्णाप्पाने सांगितलं नाही आणि महादेवने विचारलं नाही. महादेव खानापूरकडच्या खेड्यातला, तरुणपणी गावाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेला. त्याच्या डोक्यात जाळं म्हणजे व्हॉलीबॉलचं. त्या मापाने त्याने मला घडवलं. चार पायऱ्या, वर बैठक, पाठीला आडवी पट्टी. हिरवा रंग दिला. आरशात बघायला मिळालं असतं तर मी स्वतःला टाकीचा स्टँडच समजले असते.

टेम्पोतून मला उतरवलं तेव्हा आण्णाप्पा कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला.

"आरं, हितं पंच बसवायचाय, का कावळं हाकायचं हाईत?"

"तूच म्हनलास, जाळ्याच्या वर डोळं."

"बॅडमिंटनचं जाळं रं ते! खांद्याएवढं असतंय!"

"मग खेळ सांगायचा की!"

"तू इच्चारायचं की!"

चहा येईपर्यंत दोघं भांडले, चहा पिताना भांडले आणि मग महादेवने कटर काढून माझे पाय कापले. पाय कापताना माणसाला काय होतं ते मला माहीत नाही. मला नुसतं गरगरलं. खालची एक पायरी गेली, तीन उरल्या. त्यातही एक पाय थोडा जास्त कापला गेला.

"हालतीया की रं," आण्णाप्पा म्हणाला.

"हालू दे. पंच हालला न्हाय म्हंजे झालं."

आण्णाप्पाने शटलच्या डबीचं झाकण त्या पायाखाली सरकवलं. ते झाकण आजही तिथंच आहे. जमीन पुसणारी बाई रोज ते काढते, आणि रोज कुणीतरी शोधून परत लावतं.

आता या वखारीचं सांगते. निपाणी तंबाखूचं गाव. एके काळी इथं छपरापर्यंत तंबाखूची पोती रचलेली असायची. पुढे व्यापाऱ्याच्या घरच्यांनी ती जागा क्लबला भाड्याने दिली. बॅडमिंटनला उंच छप्पर लागतं आणि वखारीइतकं उंच छप्पर गावात दुसरीकडे नव्हतं. जमिनीवर हिरवी मॅट आली, पांढऱ्या रेषा आल्या, दिवे आले. पण भिंतींना अजून जुनं आठवतं. हवा दमट झाली की त्या तंबाखूचा वास सोडतात. बाहेरगावचा खेळाडू पहिली सर्व्हिस करायला उभा राहतो आणि शिंकतो. निपाणीची मुलं तेवढ्यात हसून घेतात.

सामने रोज नसतात. बाकीचे दिवस मला कुणी काहीही समजतं. आशीष नावाच्या वायरमनने माझ्यावर चढून भिंतीवरचे दिवे बदलले. एका लग्नात फोटो काढणाऱ्याने मला उसनं नेलं, परत आले तेव्हा बैठकीवर हळदीची बोटं होती. गणपतीत मी आरास लावायची शिडी झाले. छताच्या लोखंडी कैचीत अडकलेलं शटल लांब काठीने काढायचं तर मीच. मी खुर्ची आहे की शिडी, हेच मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

ते मला माधवीमुळे कळलं.

माधवी बेळगावातल्या एका शाळेत शिकवते. शिक्षकांच्याच घरातली मुलगी. पंचाची राज्याची परीक्षा ती पास झाली आहे आणि आता देशपातळीच्या परीक्षेची तयारी करते आहे. स्पर्धा असली की निळा टी-शर्ट घालून बसने येते. माझ्यावर चढताना ती प्रत्येक पायरीवर पाय ठेवून पुटपुटते, "जिल्हा, राज्य, देश," आणि मग बसते. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला विचारलं, "आणि जग?"

"जगाची पायरी महादेवअण्णांनी कापली," ती म्हणाली.

तिच्याकडूनच मी ऐकलं की या खेळाचीही माझ्यासारखी उतरंड आहे. गावोगावचे क्लब मिळून जिल्ह्याची संघटना, जिल्हे मिळून राज्याची, सगळी राज्यं मिळून देशाची आणि देश मिळून जगाची. खेळाडूने एका राज्यात नाव नोंदवायचं आणि त्याच राज्याकडून खेळायचं. दोन्हीकडे पाय ठेवायचा नाही. राज्य बदलायचं तर रीतसर विचारून, परवानगी घेऊन.

हे ऐकल्यावर मी माझा विचार करत बसले. माझं लोखंड कोल्हापूरच्या बाजारातून आलं, जोडणी उद्यमबागेत झाली, उभी निपाणीत. मी कुणाकडून? मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सोडून दिलं.

वखारीत रोज सकाळी येणाऱ्या दोन मुली होत्या. एक रचना, बँकेतल्या साहेबांची मुलगी, घरी कानडी बोलणारी. दुसरी कोगनोळीची ओवी पाटील, सोळा वर्षांची. कोगनोळी म्हणजे महामार्गावर जिथं कर्नाटक संपतं, तिथलं गाव. पलीकडे नदी ओलांडली की महाराष्ट्रातलं कागल. ओवी तिकडून बसने निपाणीला यायची, वखारीत खेळायची आणि मग शाळेत जायची. बस चुकली की दारातून रचनाची हाक ठरलेली.

"ए ओवी, लगू बा गं, लवकर ये! एवढा उशीर?"

"टोलवर ट्रक आडवा झालता. मी काय उडून येऊ?"

"शटल उडतंय, तू का न्हाई?"

रचना गुण मोजायची कानडीत, ओंदू, एरडू, मूरू. ओवी मोजायची मराठीत. माधवी असली की इंग्रजीत. एकाच खेळाची तीन मोजणी ऐकून माझं डोकं फिरायचं. पण त्या दोघींचं कधी चुकलं नाही. जोडीने खेळायच्या तेव्हा तर एकमेकींकडे बघायच्यासुद्धा नाहीत. एक पुढे सरकली की दुसरी मागे जायची, जणू एकीच्या पायाला दुसरीची दोरी बांधलीय.

ओवीच्या घरची माणसं मी स्पर्धांच्या वेळी बघितली होती. आज्जा मारुतीराव, पांढरी टोपी, करवती काठाचं धोतर, आवाज खणखणीत. त्यांचं सगळं आयुष्य एका गोष्टीत गेलेलं, आपलं गाव महाराष्ट्रात जावं. मोर्चे केले, सभा केल्या, लाठ्या खाल्ल्या. आणि त्यांचा मुलगा, ओवीचा बाप ओमकार, उद्यमबागेत एका फाउंड्रीत मशीनवर कामाला. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. ओमकारने मुलीला कागलला न पाठवता कर्नाटकातल्या निपाणीच्या शाळेत घातलं तेव्हा मारुतीराव दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले. तेव्हापासून त्या घरात इकडचं आणि तिकडचं हा विषय कुणी काढत नाही. भाकरी वाढतात, ऊस किती वाढला ते बोलतात, ओवीच्या खेळाचं कौतुक करतात. पण ती कुणाकडून खेळणार, हे त्या घरात बोलायचं नाही.

हे मला ओवीनेच सांगितलं. मला म्हणजे रचनाला, पण माझ्या पायाशी बसून.

तर मागच्या हिवाळ्यात आमच्या क्लबने निमंत्रितांची स्पर्धा ठेवली. फक्त एकेरी, म्हणून रचनाने नाव दिलं नव्हतं. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुली येणार. दोन्ही राज्यांकडून निवड बघणारी माणसं येणार आणि चांगल्या खेळणाऱ्या मुलींना आपापल्या राज्याच्या शिबिरात बोलावणार. शिबिरात गेलं की पुढची वाट मोकळी. ओवीच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष होतं. "या वर्षी न्हाय तर मग मोठ्या बायकांच्यात मार खायचा," असं ती म्हणायची. रोज अर्धा तास आधी यायला लागली.

सामन्यांच्या जोड्या ठरवायला आण्णाप्पाने चिठ्ठ्या टाकल्या आणि फळ्यावर जोड्या लिहिल्या. ओवीने आपलं नाव शोधलं आणि किंचाळलीच.

"रचना, हिकडं ये! माझा सामना कुणाबरोबर हाय बघ! ओवी पाटील, कागल!"

"अय्यो! तुझ्याच नावाची?"

"आण्णाप्पाकाका, ही कोण हो?"

"मला काय ठाव? कागलची हाय. आजकाल दर घराला एक ओवी झालीया. आनि पाटील न्हाईत असं एक गाव दाखीव मला."

पुढचा आठवडाभर वखारीत दुसरा विषय नव्हता. ती दुसरी ओवी कशी खेळत असेल? डावरी असेल का? स्मॅश मारते का ड्रॉप घालते? ओवीने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना विचारलं. कागलचा मार्गदर्शक विक्रम आपली मुलं घेऊन सरावाला आला होता, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडं ओवी न्हाय गं कोण. दुसऱ्या क्लबची असंल." रचना चिडवायची, "ती तुझ्यापेक्षा बरीच असणार. नाव तेच, पण बस चुकवत नसणार."

खरं सांगते, मलाही त्या दुसऱ्या ओवीची ओढ लागली होती. दोन ओवी समोरासमोर! माझ्यावर बसून माधवी काय पुकारणार?

स्पर्धेचा दिवस उजाडला. वखार भरली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे बसले. मारुतीराव डाव्या हाताच्या बाकावर, शेजारी त्यांची कागलला दिलेली बहीण बेबीआक्का. ओमकार उजव्या बाजूला, फाउंड्रीतून सुटी काढून आलेला. मारुतीराव आणि त्यांचा मुलगा समोरासमोर बसले होते, मध्ये कोर्ट आणि मी. मुख्य पंच होते बेळगावचे वकील उपेंद्रसाहेब. गंभीर माणूस, चष्म्यावरून बघणारा.

माधवी चढली. जिल्हा, राज्य, देश. बसली. ओवी माझ्या पायाशी येऊन उभी राहिली, रॅकेटची दोरी बोटांनी सरळ करत. मी बघत होते, दुसरी ओवी कुठं आहे?

दुसरं कुणी आलंच नाही. माधवीने दोनदा नाव पुकारलं. दाराकडे बघितलं. या खेळात पुकारा झाल्यावर थोडा वेळ वाट बघतात, तेवढ्यात खेळाडू आला नाही तर समोरच्याला पुढची फेरी मिळते. तरीही माधवीची सवय मोठी शिस्तीची. तिने रीतीप्रमाणे मोठ्याने सांगितलं,

"माझ्या उजवीकडे, ओवी पाटील, कोगनोळी."

ओमकारने टाळ्या वाजवल्या.

"माझ्या डावीकडे, ओवी पाटील, कागल."

मारुतीरावांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. आणि ओवीकडे बोट करून बेबीआक्काला म्हणाले, "बघ, आपली पोरगी!"

ओमकारच्या टाळ्या थांबल्या. त्याने वडिलांकडे, आप्पांकडे बघितलं. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. माझ्या बैठकीवर माधवी एकदम ताठ झाली, ते मला तिच्या टाचांवरून कळलं.

मी मात्र अजून दाराकडेच बघत होते. मला वाटलं, आता येईल दुसरी.

उपेंद्रसाहेब उठून आले. ओवीला विचारलं, "तुझी नावं दोन दिलीयत?"

"मी एकबी दिलेलं न्हाय," ओवी म्हणाली. "घरच्यांनी दिलंय."

मग हळूहळू बाहेर आलं. गेल्या वर्षी ओमकार उद्यमबागेत असताना नाव द्यायची मुदत टळली होती आणि ओवी एका स्पर्धेला मुकली होती. ओमकारच्या मनाला ते लागलं होतं. म्हणून या वेळी त्याने आधीच कोगनोळीच्या पत्त्यावर, कर्नाटकाकडून तिचं नाव दिलं. तिकडे मारुतीरावांना वाटलं, पोरगा यंदाबी इसरणार. म्हणून त्यांनी बेबीआक्काच्या कागलच्या पत्त्यावर, महाराष्ट्राकडून तिचं नाव दिलं. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तो विषय काढावा लागला असता. ओवीला आयत्या वेळी सांगू म्हणून दोघं गप्प राहिले. आणि ओवीनेही ती कागलची ओवी घरी काढली नव्हती, कारण कागल म्हटलं की तोच विषय. आणि आण्णाप्पाच्या चिठ्ठ्यांनी त्या एका मुलीला तिच्याच समोर उभं केलं.

आण्णाप्पा कपाळावर हात मारून म्हणाला, "आरं देवा, माझ्या हातानं मी ह्या पोरीला हिच्याशीच खेळाय लावलं!" लोक हसले. पण उपेंद्रसाहेब हसले नाहीत.

"हे हसण्यासारखं नाही," ते म्हणाले. "एका खेळाडूचं दोन राज्यांकडून नाव आलं आणि ती खेळली, तर मला वर कळवावं लागेल. वर्षभर कुठंच खेळता येणार नाही, असंही होऊ शकतं. सामना सुरू व्हायच्या आत एक नाव मागं घ्या. कुठलं, ते नाव देणाऱ्यांनी सांगायचं. लवकर."

 छताच्या कैचीत कबुतर फडफडलं.

आता ओवी कुठं उभी राहणार? माझ्या उजवीकडे मोकळं कोर्ट. डावीकडेही मोकळं कोर्ट. ती मध्येच होती, जाळ्याच्या खांबापाशी, माझा कापलेला पाय धरून. तिचा हात ओला होता. उजवीकडे गेली तर आज्जाचं आयुष्य पाठीमागे पडणार. डावीकडे गेली तर बापाने त्या वेळी कुणाचं न ऐकता घातलेली शाळा पाठीमागे पडणार. तिने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मला वाटलं, मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, बस माझ्यावर. वर कुठलीच बाजू नाही.

मारुतीराव उठले. कोर्टाच्या कडेला चपला काढल्या, कारण मॅटवर बाहेरच्या चपला चालत नाहीत हे त्यांना माहीत होतं. अनवाणी चालत डाव्या कोर्टात आले. त्याच वेळी ओमकारही उठला होता. त्यानेही बूट काढले आणि उजव्या कोर्टात आला. जाळ्याच्या दोन बाजूंना बाप आणि मुलगा उभे राहिले. हातात रॅकेट नाही, काही नाही. एखादा सामनाच लागल्यासारखे.

मी म्हटलं, आता भांडणार. माधवीलाही तसंच वाटलं असणार, तिने माझी कड घट्ट धरली.

मारुतीराव वर बघून म्हणाले, "बाई, कागलची ओवी आलेली न्हाय. ते नाव मी मागं घेतो."

आणि ते वाक्य संपायच्या आत ओमकार म्हणाला, "साहेब, कोगनोळीचं नाव काढा. पोरगी आप्पांच्या नावावर खेळू दे."

दोघंही थांबले. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं, पण बोलून झाल्यावर.

"आरं, मी माझं मागं घेतलं की!" मारुतीराव म्हणाले.

"मीबी घेतलं, आप्पा."

"तू कशापायी घेतलंस? मी घेत हुतो न्हवं?"

"मला काय ठाव तुमी घेनार? तुमी जलमभर कधी मागं घेतलंय का काय?"

"मग इच्चारायचं की रं!"

"तुमी सांगायचं की!"

हे वाक्य मी ओळखलं. माझे पाय कापायच्या आधी अगदी हेच बोलणं झालं होतं.

उपेंद्रसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन्ही नावं मागं घेतलीत. सगळ्यांच्या समोर. माघार एकदा घेतली की परत घेता येत नाही. ती खेळलीच नाही, म्हणजे तिच्यावर ठपका नाही. मी तसंच कळवीन. पण ही स्पर्धा गेली, आणि या वर्षीचं शिबिरही गेलं."

माधवीने पुढचा सामना पुकारायला हवा होता. पण ती उतरली. सामना न होता ती माझ्यावरून खाली उतरली, असं पहिल्यांदाच घडलं. ओवी माझ्या खालच्या पायरीवर बसली होती, रॅकेट मांडीवर ठेवून. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ओवी," माधवी म्हणाली, "तुला कुठून खेळायचं होतं गं?"

मारुतीराव आणि ओमकार दोघंही तिथंच होते. दोघांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिला तोंड आहे हे त्यांना आत्ताच कळलं.

"रचनासंगं," ओवी म्हणाली.

"म्हणजे?"

"आमची जोडी हाय. रचना हिकडनं खेळती. मी तिकडनं गेले तर जोडी मोडती. मग ती कुणाबरोबर खेळंल? मला एकेरी न्हाय आवडत एवढी. एकेरीत लई एकटं वाटतंय."

 एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंसं उत्तर असेल, असं कुणालाच वाटलं नव्हतं. मला तर अजून वाटत नाही. मी किती दिवस धरून चालले होते की हे नकाशाचं काहीतरी आहे.

मारुतीरावांचा आवाज बारीक झाला होता. "मग हे आधी का न्हाय सांगिटलंस, बाळ?"

"इच्चारलंत का, आज्जा?"

मारुतीरावांनी ओमकारकडे बघितलं.

"आनि आपल्या घरात त्याच्यावर बोलत न्हाईत. मी एकटीच कशी बोलू?"

बेबीआक्का बाकावरून म्हणाली, "बरोबर हाय पोरीचं. तुमा बापलेकांची तोंडं काय फक्त भाकरी खायाला दिल्यात का देवानं?" त्यावर मागे कुणीतरी फसकन हसलं. मारुतीराव नाही हसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, उलटी केली, परत डोक्यावर घातली. ओमकारने खाली वाकून आप्पांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या. त्या दिवशी बापलेकांत तेवढंच झालं.

त्यानंतरचे सामने झाले. बेळगावची एक मुलगी जिंकली, कोल्हापूरची दुसरी आली. निवड बघणाऱ्यांनी मुलींची नावं घेतली, चहा घेतला आणि आपापल्या दिशेला गेले. ओवी आणि रचना शेवटपर्यंत बसून दुसऱ्यांचे सामने बघत होत्या. त्यांच्यात एकच पाण्याची बाटली होती.

आता मी थोडी म्हातारी झालेय म्हणायला हवं. हिरवा रंग उडून कुठं कुठं लाल गंज दिसतो. आण्णाप्पा म्हणतो, नवी खुर्ची आणू, ॲल्युमिनियमची, न हालणारी. आणा बापडे. मला वखारीच्या कोपऱ्यात ठेवलं तरी चालेल, दिवे बदलायला कुणीतरी लागेलच.

माझं एकच मागणं आहे, आणि तेही मला नीट मांडता येत नाही, कारण मी गोंधळलेलीच आहे. मला घडवताना कुठला खेळ ते कुणी विचारलं नाही, म्हणून माझे पाय कापले गेले. माझं काय, मी लोखंड आहे, झाकण लावून उभी राहते. पण घरात खेळणारी मुलगी असली, तर तिचं नाव कुठं द्यायचं ते तिला आधी विचारा. उत्तर अगदी साधंसुद्धा असू शकतं. तुमच्या मनातलं नसेल, एवढंच.

राहिला माझा पहिला प्रश्न. एकच मुलगी जाळ्याच्या दोन्ही बाजूंना कशी उभी राहणार? त्या दिवशी ती उभी राहिली नाही, एवढंच मी बघितलं. तिच्या जागी दोन मोठी माणसं उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी आणि रचना नेहमीच्या वेळेला आल्या. बरोबर मारुतीराव होते. त्यांनी दारात चपला काढल्या, एका हाताने धोतर सावरत माझ्या तीन पायऱ्या चढून वर बसले आणि मुलींचे गुण मोजले. दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा त्यांनी खाली वाकून ओवीला विचारलं.